मागे न घेतलेला हुकूम

(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुसरे महायुद्ध केव्हा संपले, असे शाळेतील मुलाला विचारले तर तो १९४५ साली असे उत्तर देईल व ते बरोबरच ठरेल. १५ ऑगस्ट १९४५ रोजी जपानच्या सम्राटांनी शरणागतीचा निर्णय नभोवाणीवरून प्रजेला कळविला. २ सप्टेंबर रोजी टोकियोच्या उपसागरात ‘मिसुरी’ या अमेरिकन युद्धनौकेवर शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या झाल्या. दुसऱ्याच दिवशी फिलिपाइन्समधील जपानी सेनेचे सेनापती जनरल यामाशिता यांनी बाग्यो येथे शरणागतीवर स्वाक्षरी केली. कागदोपत्री युद्ध तेथे संपले. तथापि त्याच फिलिपाइन्समधील लुबांग नावाच्या एका लहानशा बेटावर ते आणखी साडेअठ्ठावीस वर्षे चालू राहिले. ते चालू ठेवणाऱ्या सैनिकाचे नाव हिरू ओनोदा.

ओनोदा यांची कथा जगभर सांगितली जाते. ती बहुधा निष्ठेची कथा म्हणून सांगितली जाते, क्वचित वेडेपणाची म्हणूनही. या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवून आज तिच्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे. एक हुकूम कसा सुटतो, तो अमलात आणणाऱ्याच्या मनात कसा रुजतो, तो मागे घेण्याचे राहून गेले तर काय घडते आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते, या प्रश्नांचा विचार या निमित्ताने करता येईल. ज्यांना हुकूम काढावे लागतात, पोचवावे लागतात व पाळावेही लागतात, अशा सर्वांच्या उपयोगाचा हा विचार आहे.

हुकूम काय होता

ओनोदा यांचा जन्म १९२२ साली जपानच्या वाकायामा प्रांतातील एका खेड्यात झाला. तरुणपणी ते चीनमधील हांकाऊ येथे एका व्यापारी पेढीत नोकरीला होते. विसाव्या वर्षी ते सैन्यात दाखल झाले आणि पुढे गुप्तहेरांना शिक्षण देणाऱ्या नाकानो विद्यालयाच्या फुतामाता शाखेत त्यांना गनिमी काव्याचे शिक्षण मिळाले. या शिक्षणाचे वैशिष्ट्य लक्षात घेण्यासारखे आहे. त्या काळच्या सामान्य जपानी सैनिकाला शत्रूच्या हाती सापडण्यापेक्षा मरण पत्करावे, अशी शिकवण दिली जात असे. १९४१ च्या जानेवारीत प्रसृत झालेल्या सैनिकी आचारसंहितेतही हाच भाव होता. ओनोदा यांना मात्र याच्या उलट शिकविण्यात आले. त्यांनी काहीही करून जिवंत राहावे, शत्रूच्या पिछाडीला राहून माहिती गोळा करावी व संधी मिळेल तेव्हा घाला घालावा, अशी अपेक्षा होती.

डिसेंबर १९४४ च्या अखेरीस त्यांची रवानगी लुबांगवर झाली. हे बेट मनिलाच्या नैर्ऋत्येस असून मनिलाच्या उपसागरात जाणाऱ्या जहाजांवर तेथून नजर ठेवता येते. तेथील धावपट्टी व धक्का उद्ध्वस्त करावा आणि गनिमी युद्ध चालवावे, असे त्यांना सांगण्यात आले होते. त्यांनी आत्महत्या करू नये, शरण जाऊ नये, कितीही वर्षे लागली तरी सैन्य परत येईल व तोवर हाताखाली एक शिपाई उरला तरी त्याला घेऊन लढत राहावे, अशीही ताकीद होती.

बेटावर पोचल्यावर निराळाच अनुभव आला. तेथील वरिष्ठ अधिकाऱ्यांनी या तरुण सेकंड लेफ्टनंटचे ऐकले नाही आणि धावपट्टी व धक्का उद्ध्वस्त करण्याचे काम तसेच राहिले. २८ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकन फौजा लुबांगवर उतरल्या. थोड्याच काळात बहुतेक जपानी सैनिक मारले गेले किंवा शरण गेले. ओनोदा काही सैनिकांसह डोंगरात शिरले. अखेर त्यांच्याबरोबर कॉर्पोरल शिमादा आणि शिपाई कोझुका व आकात्सु असे तिघे उरले.

पत्रके का फोल ठरली

युद्ध संपल्याचे या चौघांना कोणी सांगितलेच नाही, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. त्यांना ते पुन्हापुन्हा सांगण्यात आले. ऑक्टोबर १९४५ मध्येच पहिले पत्रक त्यांच्या हाती आले. युद्ध १५ ऑगस्टला संपले असून डोंगरातून खाली यावे, असा त्याचा आशय होता. परंतु काही दिवसांपूर्वीच जपानी सैनिकांवर गोळीबार झाला होता. युद्ध संपले असेल तर गोळ्या कशा सुटतात, असा प्रश्न त्यांना पडला व पत्रक खोटे ठरविण्यात आले. त्या वर्षाच्या अखेरीस विमानातून जनरल यामाशिता यांच्या आदेशाची पत्रके टाकण्यात आली. चौघांनी त्यांतील शब्दन् शब्द तपासला आणि हाही शत्रूचाच डाव, असा निष्कर्ष काढला.

१९५२ साली घरच्या मंडळींची पत्रे व छायाचित्रे विमानातून टाकण्यात आली. ती पाहूनही त्यांचा विश्वास बसला नाही. पुढे १९५९ मध्ये शोधपथकाबरोबर ओनोदा यांचे बंधू बेटावर आले व त्यांनी ध्वनिक्षेपकावरून हाका मारल्या. तो आवाज ओनोदा यांनी ऐकला. मात्र भावाच्या आवाजाची कोणी हुबेहूब नक्कल करीत आहे, असे त्यांना वाटले. शोधपथकांनी मागे ठेवलेली जपानी वर्तमानपत्रेही त्यांनी वाचली. त्यांतून भरभराटीला आलेला जपान दिसत होता. यावरून त्यांनी जे अनुमान काढले ते विचार करण्याजोगे आहे. शेवटचा माणूस पडेपर्यंत जपान लढेल, असे त्यांना शिकविण्यात आले होते. ज्याअर्थी जपान नांदता आहे, त्याअर्थी जपान हरलेला नाही आणि युद्ध चालूच आहे, असा त्यांनी हिशेब मांडला. १९६५ पासून त्यांच्याजवळ एक ट्रान्झिस्टर रेडिओ होता. त्यावरील बातम्याही त्यांनी याच साच्यात बसवून घेतल्या.

माणूस बुद्धिमान असला म्हणजे त्याला खरी माहिती पटते, असा आपला समज असतो. ओनोदा बुद्धिमान होते, दक्ष होते. स्वतः राखलेल्या त्यांच्या दिनदर्शिकेत इतक्या वर्षांनंतरही अवघ्या सहा दिवसांची चूक निघाली. माहितीचा तुटवडा त्यांना कधीच पडला नाही. परंतु ती देणारा आपला नव्हे, हे त्यांच्या मनात पक्के होते आणि माहिती पारखण्याचे जे शिक्षण त्यांना मिळाले होते, त्याचा सारा उपयोग खरी माहिती नाकारण्याकडेच झाला. ज्या वाटेने हुकूम आला त्याच वाटेने तो मागे घेतला जावा, एवढीच त्यांची मागणी होती. आकाशातून पडलेला कागद ही ती वाट नव्हती.

चौघांपैकी आकात्सु यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये साथ सोडली व काही महिन्यांनी ते शरण गेले. यामुळे उरलेल्या तिघांची सावधगिरी अधिकच वाढली. ७ मे १९५४ रोजी शोधपथकाशी झालेल्या चकमकीत शिमादा मारले गेले. पुढे अठरा वर्षे ओनोदा व कोझुका हे दोघेच राहिले. डिसेंबर १९५९ मध्ये जपानमध्ये ओनोदा यांना मृत म्हणून घोषित करण्यात आले होते.

लुबांगचे शेतकरी

ही कथा सांगताना एक बाजू बहुधा अंधारात राहते. लुबांग हे निर्जन बेट नव्हते. तेथे शेतकरी व मच्छीमार यांची वस्ती होती आणि आजही आहे. त्यांनी जपानविरुद्ध युद्ध पुकारलेले नव्हते. त्यांच्या देशावर जपानने आक्रमण केले, ते संपले, १९४६ मध्ये फिलिपाइन्स स्वतंत्र झाले व हे लोक आपापल्या शेतीकामाला लागले. परंतु डोंगरातील सैनिकांच्या लेखी ते सारे शत्रू किंवा शत्रूचे हस्तक होते.

या सैनिकांचा निर्वाह नारळ, केळी आणि गावकऱ्यांच्या गुराढोरांवर होत असे. गाय मारावयाची, मांस वाळवून ठेवावयाचे आणि मुक्काम हलवावयाचा, असा क्रम असे. भात कापून त्याच्या राशी लागल्या की त्या पेटवून देण्यात येत. बेटावर आपण अजून कार्यरत आहोत, अशी खूण त्या जाळाने आपल्या सैन्याला पटावी, हा त्यामागील हेतू होता. वर्षभराच्या कष्टाचे धान्य खळ्यावर जळताना पाहणे म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या सैन्यासाठी तो जाळ होता ते सैन्य केव्हाच विसर्जित झाले होते. जाळ पाहणारे होते ते फक्त त्या धान्याचे धनी.

या वर्षांत बेटावरील सुमारे ३० माणसे ओनोदा व त्यांच्या साथीदारांच्या हातून मारली गेली, असे सांगितले जाते. रानात लाकूडफाट्याला किंवा शेतावर जावयाचे तर जीव मुठीत धरून जावे लागे, अशी एक पिढी त्या बेटावर वाढली. ओनोदा यांचे नाव जगाला ठाऊक आहे. या ३० जणांची नावे लुबांगच्या बाहेर क्वचितच कोणाला माहीत असतील. निष्ठेचे मूल्यमापन करताना त्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. पाळणाऱ्याच्या त्यागावरून हुकुमाची योग्यता ठरत नसते. तो ज्यांच्यावर अमलात येतो त्यांच्या दारात उभे राहूनच ती पाहावी लागते.

१९ ऑक्टोबर १९७२ रोजी असेच भात जाळीत असताना स्थानिक पोलिसांच्या गोळीने कोझुका मृत्यू पावले. त्यानंतर मोठी शोधमोहीम निघाली. ओनोदा यांची भावंडे आली, वृद्ध वडीलही आले. परंतु ओनोदा प्रकट झाले नाहीत. आता ते एकटे होते.

९ मार्च १९७४

सरकारी पथकांना जे साधले नाही ते नोरिओ सुझुकी नावाच्या चोवीस वर्षांच्या एका भटक्या तरुणाला साधले. २० फेब्रुवारी १९७४ रोजी लुबांगच्या रानात त्याची व ओनोदा यांची गाठ पडली. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते, अधिकारपत्रही नव्हते. तो जपानी भाषेत मोकळेपणाने बोलला आणि मुख्य म्हणजे आपण काय केले म्हणजे परत याल, हे त्याने ओनोदा यांनाच विचारले. उत्तर सरळ होते. वरिष्ठांचा आदेश मिळाला तरच शस्त्र खाली ठेवता येईल, असे ओनोदा यांनी सांगितले. सुझुकी पुरावा म्हणून दोघांची छायाचित्रे घेऊन जपानला परतला.

जपान सरकारने ओनोदा यांचे एके काळचे वरिष्ठ मेजर योशिमी तानिगुची यांचा शोध घेतला. युद्धानंतर ते पुस्तकविक्रेते झाले होते. त्यांना लुबांगवर नेण्यात आले. ९ मार्च १९७४ रोजी त्यांनी ओनोदा यांच्यासमोर उभे राहून आदेश वाचून दाखविला. सम्राटांच्या आज्ञेनुसार सेनेने सर्व लढाऊ कारवाया थांबविल्या आहेत, विशेष पथक कर्तव्यातून मुक्त झाले आहे व त्यातील सर्वांनी कारवाया तत्काळ बंद कराव्यात, असा त्याचा भावार्थ होता.

ओनोदा यांनी नंतर आपल्या आत्मवृत्तात या क्षणाविषयी लिहिले आहे. आदेश मोठ्याने वाचून झाल्यावर मेजर जवळ येतील आणि खरा हुकूम हळूच कानात सांगतील, अशी त्यांची अपेक्षा होती. तसे काही घडले नाही. मेजरांनी कागदाची घडी घातली. त्या शांततेत या पराभूत सेनेच्या सैनिकाला प्रथमच कळून चुकले की युद्ध खरोखर संपले असून गेली कित्येक वर्षे त्याला अर्थ उरला नव्हता. त्यांनी बंदुकीतील गोळ्या काढल्या. बंदूक अद्याप उत्तम चालत होती. सुमारे ५०० काडतुसे, काही हातबॉम्ब आणि सैन्यात जाताना आईने दिलेला खंजीर त्यांच्यापाशी होता. फिलिपाइन्सचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी त्यांना माफी दिली व १२ मार्च रोजी ते जपानला परतले.

जो आदेश वाचावयास काही मिनिटे लागली, तो वाचणारा माणूस १९४५ सालापासून हयात होता. त्याला बेटावर आणण्यासाठी २९ वर्षे जावी लागली. पहिल्या काही वर्षांतच हे घडले असते तर शिमादा व कोझुका घरी परतले असते आणि लुबांगच्या अनेक घरांतील कर्ती माणसे वाचली असती.

तीन सैनिक, तीन परी

त्याच सुमारास असेच आणखी दोन सैनिक उजेडात आले. शोइची योकोई हे २४ जानेवारी १९७२ रोजी ग्वाम बेटावर सापडले. युद्ध संपल्याचे त्यांना १९५२ पासून कळले होते. परंतु जिवंत परतण्याची लाज त्यांना बाहेर येऊ देत नव्हती. त्यांना हुकुमाने नव्हे, भयाने व संकोचाने जखडून ठेवले होते.

दुसरे तेरुओ नाकामुरा हे डिसेंबर १९७४ मध्ये इंडोनेशियातील मोरोताई बेटावर सापडले. ते तैवानमधील आमिस या आदिवासी जमातीचे होते. तैवान त्या वेळी जपानची वसाहत होती व त्या नात्याने ते जपानी सैन्यात गेले होते. ओनोदा व योकोई यांचे मायदेशी प्रचंड स्वागत झाले. नाकामुरा मात्र वसाहतीतील सैनिक असल्याने निवृत्तिवेतनास पात्र ठरले नाहीत; प्रारंभी त्यांना ६८,००० येन एवढीच रक्कम देऊ करण्यात आली. त्यावर जपानमध्येच टीका झाली व लोकांनी वर्गणी जमविली. १९७९ साली त्यांचे निधन झाले. हुकूम पाळताना तिघेही सारखेच सैनिक होते. हुकूम सोडणाऱ्यांनी जबाबदारी घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र ते सारखे राहिले नाहीत.

बोध कोणता

या कथेतून निघणारा पहिला बोध हुकूम काढणाऱ्यांसाठी आहे. आदेश देण्याबरोबरच तो केव्हा संपेल व तो संपल्याचे कोण सांगेल, हेही ठरविले पाहिजे. समजा, एखाद्या गावी साथीच्या वेळी विहीर बंद केली. पुढे पाणी तपासून शुद्ध ठरले, कागदावर तशी नोंदही झाली. पण गावात कोणी सांगितले नाही. मग बायाबापड्या दीड कोसावरून पाणी आणीतच राहतात. कागदावरील विहीर खुली असते आणि गावातील विहीर बंदच असते. युद्धाच्या मानाने ही गोष्ट लहान आहे, परंतु तिचे मूळ तेच आहे.

दुसरा बोध माहिती पोचविणाऱ्यांसाठी. पत्रके टाकली, ध्वनिक्षेपक फिरविला, म्हणजे आपले काम झाले असे मानण्याचा मोह होतो. ऐकणाऱ्याचा ज्याच्यावर विश्वास आहे, त्याच्या तोंडून ती गोष्ट गेली पाहिजे. दवंडी पिटल्याने जे साधत नाही ते गावातील शिक्षकाच्या किंवा एखाद्या जाणत्या आजीबाईंच्या दोन शब्दांनी साधते. सुझुकीने काय केले हे येथे आठवावे. त्याने सांगण्यापूर्वी विचारले. कशाने पटेल, हे समोरच्यालाच विचारून घेतले व तेच आणून दिले.

तिसरा बोध हुकूम पाळणाऱ्यांसाठी आहे आणि तो सर्वांत अवघड आहे. निष्ठा हा गुणच आहे. दिलेला शब्द पाळणाऱ्या माणसांवाचून कोणतेही कार्य उभे राहत नाही. परंतु आपण जे करीत आहोत त्याने समोरच्या माणसाचे काय होत आहे, हे पाहण्याचे काम कोणत्याही वरिष्ठाकडे सोपविता येत नाही. आपल्या गोळीने पडलेला शेतकरी निःशस्त्र आहे, हे कळण्यास मेजर तानिगुचींची आवश्यकता नव्हती.

ओनोदा पुढे १९७५ साली ब्राझीलला गेले व तेथे त्यांनी पशुपालन केले. १९८४ मध्ये जपानला परतून त्यांनी मुलांसाठी निसर्गशिबिरे चालविली. १९९६ साली ते पुन्हा लुबांगला गेले. तेथील शाळेसाठी त्या वेळी १०,००० डॉलरची देणगी देण्यात आली. १६ जानेवारी २०१४ रोजी टोकियो येथे वयाच्या ९१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. गेलेली माणसे देणगीने परत येत नाहीत. तरी ज्या गावांतील धान्याच्या राशी एके काळी जाळल्या, तेथील मुलांच्या शिक्षणाला हातभार लावण्यासाठी परत जावेसे वाटले, याचीही नोंद ठेवली पाहिजे.

येथे जमलेल्यांपैकी प्रत्येकाच्या दप्तरात काही जुने आदेश असतील. काही अजून आवश्यक असतील. काहींचे प्रयोजन केव्हाच संपले असेल आणि तरीही कोणीतरी दूरच्या गावी ते निष्ठेने पाळीत असेल किंवा त्यापायी सोशीत असेल. असे आदेश शोधून काढावेत व जेथे ते पाळले जातात तेथे स्वतः जाऊन ते मागे घेतल्याचे सांगावे. हे काम कोणाच्या नजरेत भरणारे नाही. परंतु ते वेळेवर न झाल्याने काय होते, हे लुबांगच्या लोकांनी तीस वर्षे भोगले आहे.